ब्रेकला तूप

आमच्या दारात वाहनं पुष्कळ यायची, आमचं मात्र एकही नव्हतं. नेवाशात कोणी ट्रॅक्टर घेतला, टेम्पो घेतला, की तो आधी आमच्या ओट्यापुढे येऊन उभा राहायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, उपरणं सावरत बाहेर यायचे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, चाकाखाली लिंबू ठेवायला लावायचे आणि मालकाकडून संकल्प म्हणवून घ्यायचे. ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ या शब्दाशी बहुतेक मालकांची जीभ अडखळायची. अण्णा रागवायचे नाहीत, पण सोडायचेही नाहीत. “चुकलं. हरकत नाही. पुन्हा पहिल्यापासून,” म्हणायचे, आणि नव्या ट्रॅक्टरचा मालक शाळेतल्या पोरासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मी ताम्हन धरून शेजारी उभा असायचो. माझं लक्ष मंत्रांकडे कधीच नसायचं. बंद केलेलं इंजिन थंड होताना आतून जो टिकटिक आवाज येतो, तो ऐकत असायचो.

चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, हा नियम अण्णांनी स्वतःलाही लावलेला होता. पहाटे ते पठणाला बसायचे आणि मध्येच एखादा स्वर घसरला की अध्यायाच्या आरंभाला जायचे. आई आतून म्हणायची, “अहो, देवाला ऐकू आलं असेल एवढ्यात.” पण ते ऐकायचे नाहीत. त्या आवाजाखाली दुसरा आवाज असायचा, आईच्या भाकरी थापण्याचा. तवा तापला का ते ती पाण्याचा थेंब टाकून बघायची. थेंब नुसता बसून वाळला तर अजून वेळ आहे, नाचत पळाला तर भाकरी टाकायची. पुढे आयुष्यभर मी लोखंडाची उष्णता त्याच पद्धतीने मोजली. हल्ली बंदुकीसारखं एक यंत्र मिळतं, नेम धरला की आकडा सांगतं. माझ्या मुलाने मला ते आणून दिलं आहे. मी ते वापरतो, पण आधी थेंब टाकून बघतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी रामराम ठोकला आणि केडगावला पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊ लागलो. गॅरेज करीमभाईंचं. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे आणि ते मला पंडित म्हणायचे. ब्रेकच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी तिथेच माळ्यावर राहायचो, आणि शुक्रवारी गॅरेजला सुटी म्हणून गुरुवारच्या संध्याकाळच्या एसटीने घरी यायचो. शुक्रवारी आई हुलग्याच्या पिठाचे हाताने वळलेले शेंगोळे करायची. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल, आणि अण्णांचं मौन. वर्षभर त्यांनी माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. माझ्या नखांतलं काळं ग्रीस त्यांना दिसायचं, ते पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचे, एवढंच.

त्या वर्षीच्या आषाढात मात्र ते बोलले. गावातल्या शाळेचे कारकून दिवाळीला निवृत्त होणार होते. मुख्याध्यापक अण्णांना मानायचे, जागा माझ्यासाठी धरून ठेवतो म्हणाले होते. “दिवाळीची सुटी संपली की रुजू हो, सदा,” अण्णा म्हणाले. मी मान खाली घालून शेंगोळे चिवडत राहिलो. मग ते म्हणाले, “नाहीतर असं काही करून दाखव, की मुलगा काय करतो असं विचारलं तर मला चार लोकांत सांगता येईल.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात बेलापूरच्या डॉक्टरांची मोटार गॅरेजात आली. दोन दारांची, दोनच माणसांची, विलायती, पिकल्या जांभळाच्या रंगाची. डॉक्टरांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि डॉक्टरांनी तितक्याच हौसेने सांभाळलेली. इतकी बुटकी, की उस्ताद तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “डाक्टरसाब, हिच्यात बसायचं का हिला पायात घालायचं?” डॉक्टर हसले नाहीत. करंजी घाट उतरताना ब्रेक हळूहळू नाहीसे झाले होते. पाय दाबला तर पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी आपली चाललेली. कशीबशी थांबवली. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या घाटातच खाली उतरल्या, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही असं सांगून गेल्या. लग्न होऊन घरी आल्या त्या याच गाडीतून. “त्यांनी परत बसावं, एवढंच मला पाहिजे,” डॉक्टर म्हणाले.

उस्तादांनी काम माझ्यावर टाकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचं असं ते पहिलंच काम. ते म्हणाले, “पंडित, ब्रेक लावनं म्हंजे गाडी थांबवनं न्हाई. गाडीचं पळनं हाय ना, त्याची आग करायची. आता ती आग जाती कुठं, तेवढं बघ. तुझं काम तेवढंच हाय.” त्या गाडीला पुढेही ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलंच. आतल्या लायनरनी, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांनी, घासायचं, आग व्हायची आणि आतच कोंडायची. सरळ रस्त्यावर चालून जातं. घाटात वळणावर वळण आलं की लायनर भाजून गुळगुळीत होतात आणि घसरायला लागतात. ब्रेक तुटलेला नसतो, थकलेला असतो.

मी भंगार बाजारातून अपघातात गेलेल्या एका छोट्या मोटारीचे पुढचे डिस्क ब्रेक आणले. डिस्क म्हणजे उघडी थाळी. दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात, त्या चिमट्याला कॅलिपर म्हणायचं. उघडी असल्यामुळे वारा लागतो. पण एका गाडीचं अंग दुसऱ्या गाडीला कुठे बसतं? कॅलिपर धरायला जाड पत्र्याच्या आडपट्ट्या तीन वेळा कापल्या, तेव्हा भोकं जुळली. ब्रेक ऑइल जुनं झालं की पाणी ओढून घेतं आणि तापल्यावर उकळतं, म्हणून ते सगळं काढून नवं भरलं. मग वाऱ्याचा प्रश्न आला. गाडी इतकी खाली, की चाकांपर्यंत वारा पोचायचाच नाही. मी बंपरखाली दोन तोंडं केली आणि तिथून डिस्कच्या पोटापर्यंत पाइप न्यायचा ठरवला. पाइप कोणता, तर शेतात मोटारपंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप. नेवाशाच्या पोराला दुसरा कुठला सुचणार? पहिल्याच घाटात तो वितळून डिस्कवर सांडला. नाकाला रुमाल लावून उस्तादांनी बोटाने ती हिरवी लापशी दाखवली आणि चहाला निघून गेले. नंतर मी तेलाचे डबे करणाऱ्या माणसाकडून पत्र्याच्या नळ्या वळवून घेतल्या, तोंडाला नरसाळं जोडलं. त्या बसवून पुन्हा घाट उतरलो आणि खाली डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला. नाचला, पण सावकाश. आई म्हणाली असती, भाकरी टाकायला अजून वेळ आहे. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी परत येताना एकटाच मोठ्याने बोलत होतो.

आता फक्त दोन गोष्टी राहिल्या होत्या. डिस्क जराशी लहरत होती म्हणून दोन्ही डिस्क उतरवून लेथवर तासून घ्यायच्या होत्या, आणि डॉक्टरांनी पुण्याहून आणलेले नवेकोरे पॅड बसवायचे होते. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गाडी द्यायची होती.

मध्ये खंडेनवमी आली. गॅरेजात हत्यारांची पूजा दरवर्षी व्हायची. उस्ताद स्वतः लेथला झेंडूची माळ घालायचे आणि पेढे वाटायचे. भटजी वगैरे काही नाही. त्या दिवशी सकाळी मी पान्हे धुवून पाटावर मांडत होतो, आणि वर पाहिलं तर फाटकात अण्णा उभे. हातात पूजेची पिशवी, खांद्यावर उपरणं, नेवाशाहून पहिल्या एसटीने आलेले. दीड वर्षात पहिल्यांदा. उस्तादांनी स्टूल झटकून दिलं. अण्णा बसले नाहीत. “यातलं तुझं काम कोणतं?” त्यांनी मला विचारलं. मी डिस्क दाखवल्या. लेथवरून नुकत्याच उतरलेल्या, आरशासारख्या लखलखीत. शेजारी नव्या पॅडची एक जोडी खोक्यातून काढून ठेवली होती, दुसरी अजून खोक्यात होती. अण्णांनी सगळं पाहिलं, आणि म्हणाले, “मग पूजा याची.”

त्यांनी कधी कुणाची केली नसेल इतकी सावकाश आणि साग्रसंगीत पूजा केली. कुंकू लावायला गेले, तर गुळगुळीत लोखंडावर ते टिकेना. त्यांनी निरांजनातलं साजूक तूप बोटावर घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि दोन्ही डिस्कवर स्वस्तिक काढलं. मग पाटावरच्या पॅडच्या जोडीवर, दोन्हींवर, बोटभर जाड. ब्रेकला तेलाचा हातसुद्धा लागू द्यायचा नसतो, हे मला उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण अण्णांनी माझ्याकडे वळून संकल्प म्हणायला सांगितलं, माझ्या नावाने, माझ्या कामाच्या यशासाठी. मी तो एकदाही न चुकता म्हटला. त्यांनी मान हलवली. चूक, अण्णा, असं तेव्हा माझ्याच्याने म्हणवलं नाही.

ते दुपारच्या गाडीने गेल्यावर उस्ताद हळूच म्हणाले, “पंडित, समदं नीट पुसून घे. पेट्रोलनी. पॅड तर घासूनच काढ, ते तूप पेत्यात.” मी हो उस्ताद म्हणालो. डिस्क मी पेट्रोलने दोनदा पुसल्या. पॅडवरून मात्र कोरडं फडकं फिरवलं आणि थांबलो. तांबूस स्वस्तिक पुसट दिसत होतं. दीड वर्ष वाट पाहून मिळालेलं ते मला घासून काढवेना. एवढंसं तूप, पहिल्याच ब्रेकला जळून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ती जोडी डाव्या चाकाला बसवली. आज लिहितानाही मला याची लाज वाटते. मी अडाणी नव्हतो, मला कळत होतं.

ठरल्या दिवशी डॉक्टर आले. घाटात स्वतः चालवून बघणार आणि मगच गाडी नेणार म्हणाले. मी शेजारी बसलो. पहिली तीन वळणं अशी गेली, की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. पत्र्याच्या नळ्यांतून वारा शीळ घालत होता. चौथ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने एकदम उजवीकडे ओढ घेतली. डाव्या चाकाने धरलंच नाही. समोरून ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर चढत होता, ट्रॉलीत बायका, लेकरं, गाठोडी, पातेली. डॉक्टरांनी सगळा जोर लावून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, मी हँडब्रेक ओढला, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमाच्या ढिगात घुसून थांबली. ट्रॅक्टरवाला थांबून ओरडला, “वो सायब, मरायचं आसंल तर तुमी मरा, आमाला कामाव जायाचंय!” ट्रॉलीतलं एक लहान पोर आमच्याकडे बघून हसत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

मुरमाची धूळ खाली बसली आणि वास आला. घाटात, उन्हात, मोटारीच्या चाकातून साजूक तुपाचा वास. डॉक्टर म्हणाले, “हा कसला वास?” मी म्हणालो, “माहीत नाही.” स्टिअरिंगवरचे हात न काढता ते म्हणाले, “रविवारी मी पत्नीला हिच्यात बसवणार होतो. तोवर झालं तर सांगा. नाहीतर गाडी विकून टाकतो.”

गॅरेजात उस्तादांनी चाक काढलं, पॅड बाहेर काढले, हुंगले, आणि माझ्या हातात दिले. “म्या काय सांगितल्तं?” एवढंच विचारलं. नवे पॅड पुण्याहून यायला शनिवार उजाडणार होता, आणि येतीलच याची खात्री नव्हती. उस्ताद म्हणाले, “उद्या जुम्मा हाय. घरी जा. तव्यावर मंद आचेवर भाज, तूप बाहेर येतं का बघ. भडका करू नको, फुटत्यात.” मी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून नेवाशाची एसटी पकडली. वाटेत एकच विचार. खरं सांगितलं तर दीड वर्षाने उंबरठा ओलांडून आलेल्या वडिलांना मी त्यांचाच हात नडला असं सांगणार. नाही सांगितलं तर मी कामात नापास, आणि दिवाळीनंतर शाळेच्या ऑफिसात. एसटी घोडेगावाशी येईपर्यंत मी ठरवून टाकलं, की ऑफिसात बसायचं.

शुक्रवारी सकाळी अण्णा एका वास्तुशांतीला गेले होते. मी चुलीच्या वैलावर, म्हणजे शेजारच्या मंद आचेवर, आईचा जुना तवा ठेवला आणि त्यावर दोन्ही पॅड. (हे आज कोणीही करू नये. त्या काळच्या पॅडमधली धूळ छातीला किती वाईट, हे मला फार उशिरा कळलं.) आई शेंगोळे वळत होती. “माझा तवा बाटवलास तू,” ती म्हणाली. “आता यावर भाकरी कुणी टाकायची?” हळूहळू पॅडच्या अंगावर तांबूस थेंब फुटायला लागले आणि स्वयंपाकघरात वास पसरला. एवढ्यात अण्णा दारात पाय धूत म्हणाले, “आज काय, बेसनलाडू का?” आणि आत आले.

त्यांनी तव्यात पाहिलं. तीस वर्षं कुंकू आणि तूप हाताळलेल्या माणसाला काय सांगायचं? ते पाटावर बसले, सांडशीने एक पॅड उचलून जवळ धरला आणि म्हणाले, “हे माझं आहे.”

मी म्हणालो, “नाही अण्णा. चूक माझी आहे.” मग एका दमात सगळं सांगून टाकलं. घाट, ट्रॅक्टर, मुरूम, डॉक्टर, रविवार. शेवटी अण्णांनी विचारलं, “तूप चालत नाही हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“करीमभाईंनी पुसायला सांगितलं होतं?”

“हो.”

“मग पुसलं का नाहीस?”

मी म्हणालो, “तुम्ही काढलं होतं.” आणि मला रडू आलं. बावीस वर्षांचा घोडा मी, चुलीपुढे बसून रडलो. आई वळायचं थांबली. अण्णांनी पॅड तव्यात परत ठेवला. मला नाही, स्वतःला म्हणाल्यासारखं ते म्हणाले, “मी विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या शास्त्रात हात घालताना विचारावं.” मग माझ्याकडे वळले. “आता मला नीट सांग. हे काम कसं करतं ते. पहिल्यापासून.”

आईची पितळी थाळी डिस्क झाली, दोन पोळपाट पॅड झाले. मी पळण्याची आग कशी होते ते सांगितलं, कोंडलेली आग आणि उघडी आग, नळ्यांतला वारा, उकळणारं ऑइल, सगळं. एका ठिकाणी मी घाईत काहीतरी उलटं बोललो. अण्णा म्हणाले, “हे मघाशी सांगितलंस त्याच्याशी जुळत नाही. पुन्हा पहिल्यापासून.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेंगोळे गार झाले. आईने ते दोनदा तापवले.

पॅड भाजून काही सुधारले नाहीत. पिऊन बसलेले ते पिऊनच बसले. शनिवारी दुपारी नवे आले, ते मी हात साबणाने तीनदा धुवून बसवले आणि उस्तादांना घेऊन घाट दोनदा उतरलो. गाडी सुतासारखी सरळ थांबली. रविवारी डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी घाट उतरून करंजीत चहा पिऊन आले. गाडीतून उतरताना बाई मला म्हणाल्या, “शीळ कसली वाजते हो?” मी म्हणालो, वारा. त्या म्हणाल्या, “वाजू द्या. वाजते तोवर मला धीर असतो.” डॉक्टर नुसते हसत होते.

शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. अण्णा मुख्याध्यापकांकडे स्वतः जाऊन काय बोलले, ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला अंदाज आला तो पुढच्या वर्षी. दसऱ्याला सुटी म्हणून घरी होतो. ओट्यापुढे एक नवा ट्रॅक्टर उभा होता, आणि मालक, तालुक्यातला बडा बागाईतदार, हौसेने तुपाची वाटी घेऊन चाकाशी वाकला होता. मी आत जेवत होतो. बाहेरून अण्णांचा आवाज आला, “थांबा. तूप बॉनेटला. ब्रेकच्या आसपास तेल-तूप वर्ज्य आहे.”

“आस्सं?” मालक म्हणाला. “आमाला न्हाई बा कुनी सांगितलं. कुठल्या पोथीत हाय गुरुजी?”

“पोथीत नाही,” अण्णा म्हणाले. “आमच्या सदानं सांगितलंय.”